गोगलगाय, पोटातले पाय आणि काचेवरचं शेवाळ



थंडी सुरू झाली की शारजात दोन गोष्टींना ऊत येतो. एक म्हणजे वाळवंटातली बार्बेक्यू आणि दुसरी म्हणजे घरोघरचे नवे फिशटँक. उन्हाळ्यात आपल्याकडे नळाचं 'गार' पाणीच इतकं तापलेलं येतं की त्यात मासे सोडायची कुणाची हिंमत होत नाही. त्यामुळे सगळी हौस नोव्हेंबरात सुरू होते. बर्ड अँड अ‍ॅनिमल मार्केटला एक चक्कर होते, काच, दिवा, रेती, चार झाडं, सहा मासे येतात. पोंगलपर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत, काच हिरवी होते. मग फोन सुरू होतात : "काय रे, गोगलगायी टाकल्या तर शेवाळ जाईल का?"

याचं छोटं उत्तर म्हणजे 'थोडं जाईल'. मोठं उत्तर मात्र पावणेदोनशे वर्षांचं आहे, आणि त्यात लंडनचा एक रसायनशास्त्रज्ञ, त्याचा मुलगा, नगरचा एक मिशनरी, मालवणचे एक प्राध्यापक, रत्नागिरी जिल्ह्यातलं एक गाव आणि आपल्या इथल्या फलजमधला एक बोटाच्या पेराएवढा शंख अशी बरीच मंडळी येतात. म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

आधी नावापासून. आपल्याकडे 'गोगलगाय आणि पोटात पाय' म्हणतात ते वरून गरीब दिसणाऱ्या आतल्या गाठीच्या माणसाला. पण शास्त्रीय नाव बघा. गोगलगायींच्या वर्गाला गॅस्ट्रोपोडा म्हणतात. ग्रीकमध्ये गॅस्टर म्हणजे पोट, पोड म्हणजे पाय. मराठी पाठ्यपुस्तकात त्याचं भाषांतर 'उदरपाद' असं केलेलं असतं. हे नाव अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सच्या कुव्हिए यांनी रूढ केलं. म्हणजे पॅरिसमध्ये जे लॅटिन-ग्रीक जुळवून सांगावं लागलं ते आपल्या आज्या पाटावर बसून सांगत होत्या. असो.

आता लंडन. १८४९ साल. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ तिथल्या अपॉथेकरीज सोसायटीत, म्हणजे औषधं बनवणाऱ्यांच्या जुन्या संस्थेत, नोकरीला होते. त्या काळी रसायनशास्त्रात एक प्रश्न जिव्हाळ्याचा होता. प्राणी हवा 'बिघडवतात' आणि वनस्पती ती 'सुधारतात' हे प्रीस्टली आणि इंगेनहौझ यांनी १७७० च्या दशकात दाखवलं होतं. ते हवेत खरं असेल तर पाण्यातही खरं असायला हवं. मग बंद भांड्यात मासे आणि पाणवनस्पती योग्य प्रमाणात ठेवल्या तर पाणी न बदलता दोघंही जगतील का?

वॉरिंग्टननी १२ गॅलनचं, म्हणजे साधारण ५४ लिटरचं, काचेचं भांडं घेतलं. ते अर्धं झऱ्याच्या पाण्यानं भरलं, तळाला रेती आणि चिखल घातला, व्हॅलिस्नेरियाचं रोप लावलं आणि दोन छोटे गोल्डफिश सोडले. व्हॅलिस्नेरिया म्हणजे आपण दुकानात 'व्हॅलिस' म्हणून घेतो तीच, रिबिनीसारख्या लांब पानांची. (जाता जाता : उत्तर भारतात खांडसरीवाले साखरेवर ओल्या पाणवनस्पतींचा थर देत. त्याचं पाणी झिरपून मळी धुवून नेई आणि साखर उजळे. त्या थरात मुख्यतः हायड्रिला आणि तिच्या जातीच्या वनस्पती असत. आपण टँकमध्ये मिरवतो ते तिकडे साखर कारखान्यातलं फडकं होतं.)

सुरुवातीला सगळं छान चाललं. मग जुनी पानं कुजायला लागली. पाणी गढूळ झालं, भांड्याच्या आतून हिरवा बुळबुळीत थर चढला आणि मासे धोक्यात आले. शारजातल्या जानेवारीतल्या टँकचं वर्णन यापेक्षा वेगळं काय असतं? वॉरिंग्टननी निसर्गातली तळी आठवली. तिथे कुजलेली पानं साफ करतं कोण? मग त्यांनी लिम्निया स्टॅग्नालिस नावाच्या तळ्यातल्या गोगलगायी भांड्यात सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पानं आणि तो थर फस्त केला, पाणी निवळलं, आणि वर त्यांनी घातलेली अंडी आणि पिल्लं माशांचं खाद्य झाली. मासा, वनस्पती आणि गोगलगाय हा त्रिकोण पुरा झाला. १८५० साली केमिकल सोसायटीपुढे त्यांनी हे सगळं वाचून दाखवलं. लक्षात घ्या, हा निबंध प्राणिशास्त्राच्या नाही, रसायनशास्त्राच्या नियतकालिकात आला. आपल्या छंदाची जन्मपत्रिका काढायची तर त्यात गोगलगाय पहिल्याच घरात बसलेली आहे.

याच अपॉथेकरीज सोसायटीतले डॉ. वॉर्ड यांनी त्याआधी वीस वर्षं बंद काचपेटीत नेचे वाढवून दाखवले होते. त्या 'वॉर्डच्या पेट्यां'तूनच पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात आणली. एका पेटीतून आपला सकाळचा चहा आला आणि दुसरीतून दिवाणखान्यातला टँक. त्यात १८४५ साली इंग्लंडमध्ये काचेवरचा कर उठला होता आणि काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं 'द अ‍ॅक्वेरियम' आलं आणि तो शब्द घराघरात गेला. वॉरिंग्टन आणि गॉस दोघांनीही मग खाऱ्या पाण्यात तोच प्रयोग समुद्रकाठच्या शंखांवर केला. गॉसना काचेवरून फिरणारा शंख म्हणजे गवत कापत जाणारा शेतमजूर वाटला, विळ्याच्या एकेका फटक्याला गवताचा एक पट्टा आडवा होतो तसा.

ही उपमा नुसती कवीची नाही. गोगलगायीच्या तोंडात कानशीसारखी जीभ असते, तिच्यावर बारीक दातांच्या रांगा असतात. रॅड्युला म्हणतात तिला. रात्री टॉर्च मारून हिरव्या काचेकडे बघा, नागमोडी पुसलेल्या रेघा स्पष्ट दिसतात. तेवढीच साफ, बाजूची तशीच.

पण मुद्द्याची गोष्ट पुढे आहे. वॉरिंग्टनचं निरीक्षण खरं होतं, त्याचं स्पष्टीकरण मात्र अर्धंच होतं. गोगलगायीनं शेवाळ खाल्लं म्हणजे ते नाहीसं झालं असं नाही. ते तिच्या पोटातून विष्ठा होऊन परत पाण्यात आलं. त्यातलं नायट्रोजन, फॉस्फरस कुठे गेलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर हा गार्बेज कलेक्टर मेमरी मोकळी करत नाही, फक्त एका फोल्डरमधला कचरा दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकतो. मग वॉरिंग्टनचे मासे जगले कसे? दोनच मासे, तेही छोटे, इतक्या मोठ्या उघड्या तोंडाच्या भांड्यात, आणि तळाला चिखल. खरं काम तो चिखल करत होता.

आणि हे काम कुणी शोधून काढलं? त्यांच्याच मुलानं! धाकटे रॉबर्ट वॉरिंग्टन, जन्म १८३८, शेतीचे रसायनशास्त्रज्ञ झाले आणि रॉदमस्टेडच्या प्रसिद्ध शेती प्रयोगशाळेत त्यांनी मातीतल्या नायट्रोजनवर वर्षानुवर्षं काम केलं. अमोनियाचं नायट्रेट होतं ते सूक्ष्मजीवांमुळे, हे फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्ट्झ यांनी १८७७ मध्ये दाखवलं होतं. धाकट्या वॉरिंग्टननी दाखवलं की ही क्रिया दोन टप्प्यांत होते, आधी नायट्राइट, मग नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांचे जीव वेगळे. ते जीव वेगळे काढण्याचं श्रेय १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की यांना मिळालं. आज आपण नवा टँक 'सायकल' करतो, महिनाभर थांबतो, टेस्ट किटमध्ये थेंब टाकून रंग बघतो, ते सगळं या मुलाच्या कामावर उभं आहे. बापानं श्रेय गोगलगायीला दिलं, मुलाला त्याच चिखलातले खरे कामगार सापडले. बापलेकांच्या या जोडीवर कुणी नाटक का लिहिलं नाही कोण जाणे.

तरीही 'बॅलन्स्ड अ‍ॅक्वेरियम' ही कल्पना शंभर वर्षं टिकली. मासे, झाडं, गोगलगायी, झाकण लावा आणि विसरा. १९४९ मध्ये न्यूयॉर्क अ‍ॅक्वेरियमच्या जेम्स अ‍ॅट्झ यांनी तिला सरळ 'मिथ' म्हटलं. माशांना लागणारा प्राणवायू मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून येतो. झाडं दिवसा देतात पण रात्री स्वतःच वापरतात. आणि काचेच्या पेटीत निसर्गातल्या तळ्याच्या मानानं जनावरं कित्येक पटींनी जास्त कोंबलेली असतात. म्हणजे पाणी बदलणं चुकत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये अजूनही निदान तीन जण ही गोष्ट मानायला तयार नाहीत, त्यांना हा परिच्छेद फॉरवर्ड करावा.

आता आपल्या घराकडे वळू. भारतात सार्वजनिक मत्स्यालय पहिल्यांदा मद्रासला १९०९ मध्ये झालं, आणि मुंबईकरांचं तारापोरवाला १९५१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलं. पण शेवाळ खाणारे जीव शोधायला कुठल्या मत्स्यालयात जायची गरज नव्हती, ते सह्याद्रीच्या ओढ्यांत होतेच.

कर्नल साइक्स हे नाव काहींनी पक्ष्यांच्या संदर्भात ऐकलं असेल. १८२४ पासून ते मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खन फिरत होते. पिकं, पगार, पाऊस, पक्षी, मासे, सगळं मोजायचं आणि लिहून ठेवायचं. दख्खनच्या माशांवरचं त्यांचं काम १८३८-३९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालं. मला त्यांचा लोभ वाटतो तो एका गोष्टीसाठी : त्यांनी बऱ्याच माशांना कोळ्यांच्या तोंडची मराठी नावं तशीच लॅटिनमध्ये दिली. त्यातला एक आज गारा मुल्या म्हणून ओळखला जातो. गावाकडे कुणी मळव्या म्हणतात, कुणी मल्या. खडकाला ओठ लावून वाहत्या पाण्यात चिकटून बसणारा आणि दगडावरचा हिरवा थर खरवडून खाणारा हा बोटभर मासा, भीमा-कृष्णेच्या ओढ्यांत अंघोळ केलेल्या कुणालाही माहीत असेल. आणि गंमत ऐका. हजर पर्वतातल्या इथल्या वाद्यांमध्ये आणि फलजमध्ये जो छोटा मासा दिसतो तो याचाच सख्खा चुलत भाऊ, गारा बरेमी. अल ऐनला लागून असलेल्या बुरैमी ओअ‍ॅसिसवरून १९५६ मध्ये त्याला नाव मिळालं. म्हणजे आपण इकडे यायच्या किती आधी हे घराणं अरबी समुद्राच्या दोन्ही बाजूंना दगड घासत बसलं होतं!

गोगलगायींचा किस्सा याहून सरस आहे. पावसाळ्यात घाटात धबधब्याशेजारच्या काळ्या कड्यावर पाणी सतत झिरपत असतं. त्या ओल्या भिंतीवर अगदी छोटे, दाण्याएवढे शंख चिकटलेले असतात. आपण फोटो काढतो धबधब्याचा, त्यांच्याकडे कोण बघणार? पण १८६० च्या दशकात विल्यम ब्लॅनफर्ड नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं बघितलं. त्यानं त्यांना क्रेम्नोकॉन्कस, म्हणजे 'कड्यावरचा शंख', असं नाव दिलं, आणि एका जातीला सह्याद्रीवरून 'सिहाद्रेन्सिस' म्हटलं. आश्चर्य हे की हे शंख समुद्रकाठच्या पेरिविंकल शंखांच्या कुळातले निघाले. तेच कूळ, ज्याला वॉरिंग्टननी खाऱ्या टँकमध्ये काच साफ करायला लावलं होतं. समुद्राच्या खडकांवर शेवाळ चाटणारं एक घराणं, त्याची एक शाखा घाट चढून महाबळेश्वरला जाऊन राहिली आणि तिथे गोड्या पाण्यात तेच काम करू लागली. कोकणातून देशावर स्थलांतर हे फक्त माणसांनीच केलेलं नाही. २०१३ मध्ये याच वंशातल्या आणखी जाती पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडून, कर्नाटकातून, नोंदल्या गेल्या. सह्याद्री सोडून जगात हे शंख दुसरीकडे कुठेही नाहीत.

ब्लॅनफर्डच्या काळी शंख गोळा करणाऱ्यांत नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड फेअरबँक हेही होते. मिशनरी गावोगाव जायचे, तेव्हा पायाखाली बघायची सवय असलेला एखादा असला की विज्ञानाचं भलं व्हायचं. खाडीतल्या चिखलातल्या एका चिमुकल्या शंखाला ब्लॅनफर्डनी १८६८ मध्ये त्यांच्या नावावरून 'फेअरबँकिया बॉम्बेयाना' म्हटलं. मिशनरी आणि मुंबई, दोघांची सोय एकाच शंखात.

आणि मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर. जन्म १८८४, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते. सुट्टी मिळाली की घाटातले ओढे पालथे घालायचे. १९११ च्या सुमारास कृष्णेच्या उपनद्यांमध्ये, सातारा जिल्ह्यात, त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तोवर हा वंश फक्त आफ्रिकेतून माहीत होता. इंडियन म्युझियमच्या नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी त्याला 'इंडिका' नाव दिलं. याच अ‍ॅनंडेलनी पुढे भारताचं प्राणिशास्त्र सर्वेक्षण उभं केलं आणि १९१९ मध्ये मुंबई इलाख्यातल्या ओढ्यांच्या जीवसृष्टीवर लिहिलं. आघारकर कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, निवृत्तीनंतर पुण्यात त्यांनी संशोधन संस्था घडवली, तीच आजची आघारकर संस्था. विषयांतर झालं, पण ओढ्यात हात घालणाऱ्या मराठी माणसांची यादी इतकी छोटी आहे की नाव आलं की थांबावंसं वाटतं.

आता शारजाच्या दुकानांकडे. झाडांबरोबर फुकट येतो तो लांबट, टोकदार, तपकिरी ठिपक्यांचा शंख तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. दिवसा रेतीत पुरून घेतो, रात्री काचेवर येतो. दुकानदार त्याला 'मलेशियन ट्रम्पेट' म्हणतात. याचं शास्त्रीय नाव मेलानॉइडिस ट्युबरक्युलाटा, आणि डेन्मार्कच्या म्युलरनी १७७४ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं ते मलेशियातल्या नाही, आपल्या कोरोमांडल किनाऱ्यावरच्या शंखांवरून. आणि इथे, अमिरातीत आणि ओमानमध्ये, वाद्यांत आणि फलजमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा गोड्या पाण्यातला शंख हाच. फलज म्हणजे डोंगरातलं पाणी खजुराच्या बागांपर्यंत आणणारे जुने पाट. ओमानचे पाट २००६ मध्ये आणि अल ऐनची स्थळं २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. सुट्टीत तिकडे गेलात तर पाटाच्या तळाशी वाकून बघा. तुमच्या दिवाणखान्यातला फुकट्या पाहुणा तिथला मूळ रहिवासी आहे. याला नराची गरज पडत नाही. एकटी मादी अंडी न घालता जिवंत पिल्लं देते. एक शंख आला की तीन महिन्यांत तुम्ही मोजणं सोडून देता.

या शंखाला तर चक्क सरकारी नोकरीही मिळाली होती. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर १९८० च्या दशकात तो मुद्दाम सोडला, कारण त्याच्या गर्दीपुढे शिस्टोसोमियासिस हा रोग पसरवणाऱ्या दुसऱ्या गोगलगायी मागे हटत होत्या. तिथे हा उपाय बऱ्यापैकी लागू पडला.

पण 'गोगलगाय सोडू, ती काम करील' या विचाराचा बाकी इतिहास फारसा सुखाचा नाही. १८४७ मध्ये बंगालमधले सरकारी अधिकारी आणि शंखांचे अभ्यासक विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून आफ्रिकन राक्षसी गोगलगायींची एक जोडी आणली आणि ती कलकत्त्यात चौरंगीच्या एका बागेत राहिली. त्या दोन जिवांपासून सुरू झालेली गोष्ट कुठे पोचली? २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादमध्ये शेतकरी रात्री बॅटऱ्या घेऊन सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवरून गोगलगायी वेचत होते, अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. तैवानमध्ये १९८० च्या आसपास अर्जेंटिनाहून सोनेरी अ‍ॅपल स्नेल आणली ती खायला. लोकांना चव आवडली नाही, धंदा बुडाला, गोगलगायी भातात शिरल्या आणि दहा वर्षांत फिलिपिन्स, जपान, व्हिएतनामपर्यंत भाताचा शत्रू नंबर एक होऊन बसल्या. स्पेनच्या एब्रो नदीच्या भातखाचरांत त्या निघाल्यावर युरोपियन युनियननं २०१२ मध्ये पोमेसिया हा अख्खा वंशच आयातीला आणि पसरवायला बंद केला. दुकानात पिवळी, निळी 'मिस्टरी स्नेल' म्हणून मिळते ती याच वंशातली, जरा सभ्य बहीण. आपल्याकडच्या पायलाशी तिचं लांबचं नातं आहे. तीच पायला, जी बायॉलॉजी घेतलेल्या मित्रांनी ट्रेमध्ये टाचण्या लावून फाडली आणि जिच्यावर १९३२ मध्ये बैनी प्रशाद यांनी अख्खी पुस्तिका लिहिली.

आणि गिमवी. रत्नागिरी जिल्ह्यातलं हे छोटं गाव जगभरच्या परजीवीशास्त्राच्या पुस्तकांत आहे, आणि आपल्यापैकी किती कोकणवासीयांना ते माहीत आहे कोण जाणे. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी जाहीर केलं की इथल्या लोकांमध्ये लघवीतून रक्त जाण्याचा जो आजार आहे तो शिस्टोसोमियासिस आहे. नाईलच्या काठचा, आफ्रिकेचा समजला जाणारा रोग, आणि तो मुंबई राज्यातल्या एका खेड्यात! या रोगाच्या जंतूला आयुष्याचा अर्धा भाग गोगलगायीत काढावा लागतो. म्हणजे ओढ्यात कुठेतरी ती असणारच. शोध घेतला तेव्हा फेरिसिया टेनुइस नावाचा टोपीच्या आकाराचा, काही मिलिमीटरचा शंख सापडला. दगडांवर आणि पानांवर चिकटून शेवाळ खाणारा, डोळ्यांत न भरणारा. गावातली पोरं ज्या पाण्यात डुंबत होती त्याच पाण्यात तो होता. रोगी शोधून औषध देणं आणि गोगलगायी मारणं अशा दोन बाजूंनी तिथे काम झालं. गुरांच्या बाबतीतही हेच : आपल्या डबक्यांत सर्वत्र आढळणारी चपट्या चकतीची रॅम्सहॉर्न, इंडोप्लॅनॉर्बिस, हिच्यातून जाणारा एक जंतू बैलांच्या नाकात राहतो आणि बैल घोरायला लागतात.

घाबरू नका, दुकानातल्या टँकमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या गोगलगायींत हे जंतू नसतात, कारण त्यांना पुढची पायरी म्हणून माणूस किंवा गुरं लागतात. पण सुट्टीत गावाला गेल्यावर तळ्यातून 'मस्त आहेत' म्हणून शंख उचलून टँकमध्ये टाकणं हा वेगळा प्रकार आहे. तो करू नये.

मग शेवाळाचं काय? जपानचे ताकाशी अमानो, फोटोग्राफर माणूस, १९८० च्या दशकात त्यांनी कार्बन डायऑक्साइड, भरपूर प्रकाश आणि दाट झाडांचे टँक करायला सुरुवात केली तेव्हा शेवाळ त्यांच्याही मानगुटीवर बसलं. त्यांनी गोगलगायींऐवजी एका छोट्या झिंग्याला कामाला लावलं. आज जगभर तो 'अमानो श्रिम्प' म्हणूनच विकला जातो. उलट अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ च्या पुस्तकात मातीच्या, कमी खर्चाच्या टँकचा पुरस्कार केला आणि त्यात गोगलगायींना मानाचं स्थान दिलं. म्हणजे वॉरिंग्टनचा चिखल दीडशे वर्षांनी परत आला. मी वॉलस्टॅडबाईंच्या पार्टीत आहे, माझ्या खिशालाही तेच परवडतं :-)

काचेवरचं शेवाळ घासायला माझ्या मते नेराइटसारखी गोगलगाय नाही. पट्ट्यापट्ट्यांची, वाटोळी, मार्केटमध्ये सहज मिळते. तिची पिल्लं खाडीसारख्या मचूळ पाण्यातच वाढतात, त्यामुळे टँकमध्ये तिची प्रजा होत नाही, फक्त दगडांवर साबुदाण्यासारखी पांढरी अंडी चिकटवून ठेवते, ती निघता निघत नाहीत. वॉरिंग्टनची लिम्निया मात्र कोवळी पानंही खाते, ती कुणी दिली तरी घेऊ नका. आणखी एक. टँकमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर पाणी आम्लधर्मी होतं, त्यात चुना कमी असेल तर शंख पांढरे पडून झिजायला लागतात. रेतीत थोडे शिंपल्यांचे तुकडे टाकले की भागतं. माशांच्या औषधाच्या बाटलीवर तांब्याचा उल्लेख आहे का ते वाचा. तांबं हे गोगलगायींचं विष आहे, ओढ्यांतल्या गोगलगायी मारायला मोरचूद वापरतात तो याच कारणासाठी. आणि खिडकीतलं ऊन टँकवर येत असेल तर शंभर नेराइट आणल्यात तरी काच हिरवीच राहणार. पडदा लावा, दिवा आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, पाणी बदला.

जाणाऱ्यांसाठी एक. नोकरी संपली, व्हिसा रद्द झाला, कंटेनर भरला आणि टँकचं काय करायचं हा प्रश्न शेवटच्या दिवशी उरतो. मग कुणीतरी सगळं एखाद्या धरणात नाहीतर वादीत ओतून येतं, 'जगतील बिचारे' म्हणून. ज्या पाण्यात गारा बरेमीसारखे मोजकेच मूळ मासे आहेत तिथे हे करू नका. बेन्सनसाहेबांनीही दोनच सोडल्या होत्या. मासे इथल्याच कुणाला द्या. जास्तीच्या गोगलगायी पिशवीत घालून एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग कचऱ्यात टाका.

सध्या माझ्याकडे व्हॅलिस फार माजलं आहे. शारजा-अजमानमध्ये कुणाला हवं असेल तर शुक्रवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा, पिशवी आणा. ट्रम्पेट शंख त्याबरोबर येतीलच, त्याला माझा इलाज नाही.